केरीचे बशीवाले

(दृश्य: उजाडण्याची वेळ. ओहोटीनं ओला ठेवलेला किनारा. दोन मुली खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन येतात.)

हा दोर रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचा. झिजला, मासळीच्या ओझ्याला टिकेना, म्हणून रापणकारांनी टाकून दिला. आता तो मैदान आखायच्या कामाला येतो. लांबी 75 मीटर, रुंदी 25. दोन्ही टोकांना 15 मीटरचे पट्टे. त्या पट्ट्यात आपल्या गड्यानं तबकडी हवेतच झेलली की एक गुण. वाळूवरच्या अल्टिमेट फ्रिस्बीला एवढंच लागतं. खांब नाही, जाळी नाही, आणि पंचाची शिट्टीही नाही. त्या शिट्टीकडे आपण परत येऊ.

दोर ताणून मैदान आखायला वीस मिनिटं जातात. आम्ही ती सगळी शूट केलीत. तुम्हाला दीडच मिनिट दाखवतोय, उपकार माना.

(दृश्य: कॅमेरा वळतो. नदीचं मुख, पलीकडे तेरेखोलचा किल्ला, अलीकडे आडवी पडलेली सुरूची झाडं.)

ही केरी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातली. सत्तरी तालुक्यातही एक केरी आहे, पण तिथे समुद्र नाही. इथे समुद्र आहे आणि तो आत येतोय. सुरूची ही पुढची रांग त्यानंच पाडली. आधी मैदान या झाडांसमोर आखलं जायचं, आता हरमलच्या बाजूला सरकलंय. सरावाची वेळही समुद्रच ठरवतो. भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते, म्हणून सरावही तसाच सरकतो. जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीच्या वेळेचा अंदाज बांधतात. संघातल्या पोरांना आता तेवढं गणित तोंडपाठ आहे. शाळेतलं किती होतं, ते विचारू नका.

संघाचं नाव स्पर्धेच्या फॉर्मवर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं असतं. गावात ते कुणाला सांगता येणार नाही. गाव त्यांना बशीवाले म्हणतं.

(दृश्य: मासळीवालीचा तराजू. बांगडे उचलून तिथे पांढरी तबकडी ठेवली जाते. आकडा स्थिरावतो.)

175 ग्रॅम. स्पर्धेत याच वजनाची लागते. मासळीवालीच्या मते दोन मध्यम बांगडे.

बशी म्हणण्यात गावाचं फारसं चुकलेलंही नाही. अमेरिकेत फ्रिस्बी नावाच्या बेकरीच्या पत्र्याच्या ताटल्या असत. त्यातला ‘पाय’ नावाचा पदार्थ खाऊन झाला की कॉलेजची पोरं त्या एकमेकांकडे भिरकावत. 1957 साली व्हॅम-ओ कंपनीनं फ्रेड मॉरिसन यांची प्लास्टिकची तबकडी बाजारात आणली, आणि थोड्याच दिवसांत त्या ताटल्यांचं नाव तिला चिकटलं. खेळ त्यानंतरचा. 1968 साली न्यू जर्सीतल्या मेपलवूडच्या कोलंबिया हायस्कूलमध्ये मुलांनी तो रचला, आणि सुरुवातीला खेळला तो शाळेच्या पार्किंगमध्ये. 1972 मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांत पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला. केरीला यायला त्याला आणखी अठ्ठेचाळीस वर्षं लागली.

(दृश्य: बंद शॅक. बांबूचे सांगाडे, उलट्या ठेवलेल्या खुर्च्या.)

2020. टाळेबंदी. शॅक बंद, पर्यटक गेलेले, शॅकवर वाढपी असलेली पोरं घरी बसलेली. एका शॅकच्या खोक्यात गिऱ्हाइकांनी विसरलेल्या वस्तू होत्या: चष्मे, चपला, एक तबकडी. किनारा मोकळा होता. एरवी तो त्यांच्या वाट्याला कधी येतो? खाटा, छत्र्या, स्कूटर यांतून उरेल तेवढाच. तेव्हा पहिल्यांदा सगळा मिळाला.

नुसतं फेकणं कुणालाही जमतं. त्याचा खेळ झाला तो पुढे दिसणाऱ्या वहीमुळे.

(दृश्य: दोनशे पानी वही. निळी शाई, लाल दुरुस्त्या. पानं सावकाश उलटतात.)

ही टीचरांची वही. टीचर जवळच्या गावात शारीरिक शिक्षण शिकवतात. त्यांनी इंग्रजी नियमावली उतरवून घेतली आणि रोज रात्री दोन-तीन नियम मराठीत लिहिले. शब्द त्यांचे स्वतःचे आहेत. तबकडी हातात आल्यावर पळता येत नाही. एक पाय रोवून दुसऱ्यानं फिरायचं. त्या रोवलेल्या पायाला वहीत नाव आहे ‘मेढीचा पाय’. खळ्यावर मळणीत बैल जिच्याभोवती फिरतात ती मेढ. पोरांना एकदा सांगितलं, पुन्हा सांगावं लागलं नाही.

हे पान बघा. ‘स्पिरिट ऑफ द गेम’. आधी लिहिलंय खिलाडूवृत्ती. खोडलंय. मग सभ्यता. तेही खोडलंय. खाली लाल शाईनं: ‘खेळाची चाड’.

(दृश्य: संथ गतीत फेक. मनगट, दोन बोटं, फिरणारी कड.)

तबकडी तरंगते ती पंखासारख्या आकारामुळे, आणि सरळ राहते ती गिरकीमुळे. गिरकी कमी पडली की डगमगते. बॅकहँड बहुतेकांना आठवड्यात येतो. फोरहँड दोन बोटांचा, नुसत्या मनगटाचा, त्याला महिने लागतात. त्यात वारा. पहाटे जमिनीवरून येणारा मतलई, दुपारनंतर समुद्रावरून खारा. वाऱ्याच्या तोंडावर फेकली आणि पुढची कड जराशी वर राहिली, तर तबकडी चढते, थांबते आणि मागे येते. कड खाली दाबून फेकायची. वारा ओळखण्यात रापणकारांच्या घरातली ही मुलगी सगळ्यांत पुढे आहे. ती चिमूटभर वाळू उडवते आणि मग फेकते. आमच्याकडे तिच्या अशा चाळीस फेकी आहेत. मला सगळ्या ठेवायच्या होत्या.

मिश्र संघात वाळूवर पाचात दोन मुली लागतातच. ‘लागतातच’ या शब्दावर गावात बरंच काही झालं. संध्याकाळी घरी कधी यायचं, कपडे कोणते, सोबत कोण. टीचर घरोघरी गेल्या. आता सात मुली आहेत.

(दृश्य: दोन खेळाडू तबकडीसाठी झेपावतात, आदळतात, वाळूत पडतात. खेळ थांबतो.)

आता शिट्टी. ती वाजणारच नाही. या खेळात जागतिक स्पर्धेतही फाउलचा निर्णय खेळाडूच देतात. अमेरिकेतल्या एका व्यावसायिक लीगनं पंच आणले, तो अपवाद. ज्याला लागलं त्यानं ‘फाउल’ म्हणायचं. समोरच्यानं मान्य केलं तर तबकडी ज्याला लागलं त्याची. अमान्य केलं तर ती परत फेकणाऱ्याकडे जाते आणि तो डाव पुन्हा. ओरडणारा जिंकत नाही, कारण ओरडून मिळण्यासारखं काही नाही.

आमच्याकडे फुटबॉलचा सामना संपला तरी भांडण संपत नाही. त्या मातीतली ही पोरं. बाहेरच्या पहिल्या स्पर्धेला गेली आणि सगळे सामने हरली, त्याचं काही नाही. पण सामन्यानंतर दोन्ही संघ एकमेकांना चाडीचे गुण देतात. नियमांची माहिती, अंगाला अंग लागणं, निष्पक्षपणा, वागणं, बोलणं. पाच बाबी, प्रत्येकी शून्य ते चार. दोन म्हणजे ठीक. ‘बोलणं’ या रकान्यात केरीला शून्य मिळालं होतं. तो कागद टीचरांनी वहीत चिकटवलाय. हा तो.

त्यानंतर दोन महिने सरावात एक वेगळाच तास असायचा: भांडायचा. मुद्दाम धडक मारायची, मग दोघांनी समोरासमोर उभं राहून काय दिसलं तेवढंच सांगायचं. तू नेहमीच असं करतोस, हे वाक्य बंद. आवाज चढला की समुद्राला हात लावून यायचं. ओहोटीला समुद्र लांब असतो.

(दृश्य: एक मुलगा पाण्याकडे धावत जातो. मागे सगळे हसतात.)

पावसाळ्यातल्या सरावाचं चित्रण नाही. तेव्हा किनारा उरतच नाही, सराव शाळेच्या मैदानावर चिखलात होतो, आणि कॅमेरा भिजवायची आमची हिंमत झाली नाही. गेल्या हंगामातल्या अंतिम सामन्याचंही नाही. बॅटरी संपली. ते जिंकले.

2023 मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या. 43 खेळ. लगोरी होती, बीच फुटबॉल होता. अल्टिमेट नव्हतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं 2015 मध्येच मान्यता दिलेला खेळ आहे, हे जाता जाता सांगतो.

पहिल्या फळीतले तिघे आता बोटीवर आहेत, एक जण आखातात, एकीचं लग्न सावंतवाडीला झालं, एकाचा गुडघा गेला. त्यांच्या जागी नवे आलेत.

(दृश्य: सराव चालू. दूरून हाक. रापणीची होडी परत आली आहे. खेळाडू तबकडी वाळूत ठेवून धावतात.)

रापण ओढायची वेळ झाली की सराव थांबतो. हा करार कुणी लिहिलेला नाही, टीचरांच्या वहीतही नाही. जाळं ओढायला माणसं कमी पडतात, ही दहा-बारा जणं हाताला हात लावतात. मग वाट्याची मासळी मिळते. आज तारले आहेत.

(दृश्य: जाळं किनाऱ्याला लागतं. चांदीचा ढीग. तबकडीतच मासळी घेतली जाते.)

तबकडीत मासे भरू नका, असं टीचर ओरडतायत. कुणी ऐकत नाहीये.

(दृश्य: पुन्हा मैदान. धडक. खेळ थांबतो. दोघं समोरासमोर. खरा आवाज वाढवा.)

“हात लागलो माका.”

“माका तसो दिसलो ना.”

दोघं थोडा वेळ उभे राहतात. तबकडी परत फेकणाऱ्याकडे जाते. सेकंदांची मोजणी सुरू होते.