केळी आपली, कायदा इक्वेडोरचा

राम राम मंडळी. रावेर, यावल, चोपड्याकडचे लोक आत्ता बागेतून आले असतील, चहा होऊ द्या, तोवर मी बोलतो.

आपल्याकडे कुठल्याही सभेत एक वाक्य ठरलेलं, केळीत भारत जगात नंबर वन. खरंच आहे ते, जगातल्या केळीचा साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात पिकतो, जळगावच्या केळीला 2016 ला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण मिळाला. टाळ्या, हारतुरे, झालं. निर्यातीत नंबर वन मात्र इक्वेडोर, दक्षिण अमेरिकेतला, महाराष्ट्राहून लहान देश. आपली बाहेर जाते ती फार तर दोन-तीन टक्के, बाकी आपणच खातो, त्यात वाईट काही नाही भो, पण भावाचं काय?

इथे बोर्डावर भाव लागतो, नवतीचा, म्हणजे नव्या लागवडीचा, वेगळा, पिलबागचा, म्हणजे जुन्या खोडाच्या पिलांवर घेतलेल्या मालाचा, वेगळा, अन् कापणीच्या दिवशी व्यापारी म्हणतो माल हलका आहे, गाडी भरायची तर इतकेच देईन. घड झाडावर पिकायला लागला की शेतकरी काय करणार, देतोच. इक्वेडोरमध्ये सरकार 43 पौंडाच्या, म्हणजे साडेएकोणीस किलोच्या पेटीचा किमान भाव जाहीर करतं, निर्यातदाराला लेखी करार करावा लागतो, कमी दिला तर दंड. मंदीत तिथेही पळवाटा निघतात, मजुरांचे हाल तर विचारूच नका, ते सगळं उचलून आणा असं नाही म्हणत मी. पण तेवढा कायदा वाचून बघायला काय जातं?

हे बोललं की उत्तर तयार, आपला देश वेगळा आहे. अरे मग ठिबक कुठून आलं? 1960 च्या दशकात इस्रायलने ते शेतात उतरवलं, पुढे आपल्या शेतकऱ्याने पाहिलं, हिशोब जमला, नळ्या अंथरल्या. अडतं ते वर, खुर्चीत.

अन् बाहेरचं बघून शिकायची आता तर घाई आहे. केळीची झाडं वाळवून मारणाऱ्या पनामा रोगाच्या बुरशीची टीआर4 जात कोलंबियात 2019 ला सापडली तर तिथल्या सरकारने आणीबाणीच जाहीर केली, बागा बंद, आत शिरताना बूट अन् गाडीची चाकं जंतुनाशकात. तीच बुरशी बिहार-यूपीत सापडून किती वर्षं झाली, आपल्याकडे मात्र एकच विळा आज या बागेत उद्या त्या बागेत, अन् मातीने भरलेला ट्रॅक्टर पाच गावं फिरतो. औषध नाही हो याला, जमिनीत शिरली की वर्षानुवर्षं निघत नाही.

तर उद्या तालुक्याला गेलात की कृषी खात्याच्या साहेबांना विचारा, बागेच्या दारात बूट धुवायचा काही प्लॅन आहे का. काय म्हणतात ते आम्हाला कळवा, पुढच्या वेळी इथेच वाचून दाखवतो.