टाच आधी की चवडा

(पडदा काळा. फक्त वाद्याचा आवाज.)

दॉंग… गिदॉक… कुंग… दॉरॉरॉरॉ…

हे जांगगूचे बोल. जांगगू म्हणजे डमरूसारखा मधे बारीक असलेला, आडवा ठेवून वाजवायचा कोरियन ढोल. डावं तोंड हाताने किंवा जाड टोकाच्या काठीने वाजवतात, त्याचा आवाज खोल. उजव्या तोंडावर बांबूची बारीक छडी पडते, तिचा आवाज कोरडा. दोन्ही एकदम वाजली की ‘दॉंग’, नुसती डावी ‘कुंग’, नुसती उजवी ‘दॉक’. छडी कातड्यावर थरथरत सोडली की ‘दॉरॉरॉरॉ’. ठेक्याचं नाव गुतगोरी. मात्रा बारा, पण एकतालासारखे दोन-दोनचे सहा विभाग नाहीत. तीन-तीनचे चार.

हा ठेका दक्षिण कोरियाच्या सोलमध्ये वाजतो, उत्तर कोरियाच्या प्योंगयांगमध्येही वाजतो. त्यावर पडणारं पाऊल मात्र दोन्हीकडे सारखं नाही.

(दृश्य: दक्षिणेकडची नर्तकी, फक्त पाय.)

पांढरा, टोकाशी किंचित वर वळलेला कापडी मोजा, म्हणजे बोसॉन. आधी टाच टेकते, मग तळवा, शेवटी चवडा. गुडघा वाकतो, सरळ होतो, आणि त्याच्यासोबत श्वास खाली जातो, वर येतो. या श्वासाला होहुप म्हणतात. हात नंतर हलतात, कारण हात हलवतो तो श्वासच. हा नाच अंगणात, बैठकीत, चार हातांवरच्या प्रेक्षकांसमोर घडला. खांदा बोटभर उचलला तरी दिसायचा.

(दृश्य: उत्तरेकडच्या धाटणीची नर्तकी.)

इथे छाती उचललेली, मान उंच. चवड्यावरची झरझर पावलं, वेगवान फिरक्या, आणि शेवटच्या क्षणी झटक्यात उघडणारं मनगट. हा नाच मोठ्या रंगमंचासाठी बांधलेला आहे. शेवटच्या रांगेतल्या माणसाला तो दिसायला हवा.

बांधणीत मोठा वाटा एका बाईचा. चोई सुंग-ही, जन्म १९११. १९२६ मध्ये ती जपानला गेली आणि इशिई बाकू यांच्याकडे आधुनिक नृत्य शिकली. पुढे हान सॉंग-जुन या जुन्या जाणकाराकडून तिने कोरियन नाचाचे धडे घेतले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिका आणि युरोपचे रंगमंच गाजवले. १९४६ मध्ये ती उत्तरेत गेली, तिथे नृत्यशाळा काढली, आणि १९५८ मध्ये तिथल्या नृत्याचा पायाभूत अभ्यासक्रम पुस्तकरूपाने आला. दहाएक वर्षांत तीच राजवटीच्या मर्जीतून उतरली आणि नाहीशी झाली. दक्षिणेत, उत्तरेला गेलेली म्हणून, तिच्या कामावर १९८८ पर्यंत बंदी होती. दोन्ही सरकारांनी तिचं नाव पुसलं, पण तिने शिकवलेलं शिष्यांच्या अंगात होतं. ते कोण पुसणार?

त्या शिष्यांपैकी एक किम बेक-बोंग. नात्याने चोईची जाऊ. कोरियन युद्धाच्या धामधुमीत ती दक्षिणेत आली आणि १९५४ मध्ये तिने पंख्यांचा नाच सादर केला, पुछेचुम. तेव्हा तो एकटीचा होता. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकच्या सांस्कृतिक महोत्सवासाठी त्याचा समूहनाच झाला. आज जगभर दक्षिण कोरियाची ओळख म्हणून दाखवला जाणारा हा नाच उत्तरेतून आलेल्या बाईने रचला, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते.

सरकारी पातळीवरच्या भेटी थोड्या आणि तुटक. सप्टेंबर १९८५ मध्ये दोन्हीकडून १५१-१५१ जण सीमा ओलांडून गेले. त्यांत ताटातूट झालेल्या कुटुंबांतली माणसं होती आणि पन्नास-पन्नास कलावंत. सोलमधल्या जाणकारांना उत्तरेचं नृत्य परंपरा सोडून गेलेलं वाटलं. कुटुंबांच्या पुढच्या भेटीला २००० साल उजाडलं.

देवाणघेवाण खरी चालू राहिली ती तिसऱ्या जागी. जपानमधल्या कोरियन समाजात. तिथल्या बहुतेकांची मूळ गावं दक्षिणेकडच्या प्रांतांत, पण त्यांच्या शाळांमधून मुली शिकल्या ती प्योंगयांगची धाटणी. २०१८ मध्ये सोलच्या आन उन-मी यांनी उत्तर कोरियाच्या नाचावर समकालीन प्रयोग उभा केला, तेव्हा त्यांना प्योंगयांगला जाऊन शिकणं शक्य नव्हतं. इंटरनेटवरच्या चित्रफिती आणि जपानमधल्या कोरियन नर्तकीची शिकवणी, यांवर काम झालं.

(दृश्य: तालमीची खोली.)

आता चुकतं कुठे, ते पाहू.

दक्षिणेत तयार झालेली नर्तकी उत्तरेची पावलं टाकते तेव्हा ती मागे पडते. पाय मंद असतात म्हणून नव्हे. ‘कुंग’ वाजला की तिचा गुडघा सवयीने खाली बसतो, आणि पुढचं पाऊल त्याच्या वर येण्याची वाट बघतं. दोन-तीन आवर्तनांत पाव मात्रेचा उशीर साचतो. उपाय साधा: लय उतरवायची, हात कमरेवर ठेवायचे आणि नुसती पावलं बारा मात्रांत मोजायची. गुडघा मऊच ठेवायचा, फक्त बसू द्यायचा नाही.

उलट बाजूची अडचण जास्त चिवट. उत्तरेच्या धाटणीत वाढलेली नर्तकी दक्षिणेचा संथ नाच करते तेव्हा तिचा हात वेळेआधी पोचतो आणि थांबतो. मधल्या दोन मात्रा रिकाम्या राहतात. अशा वेळी आरसा झाकून ठेवलेला बरा, कारण आरशात ती आकार शोधते. एक पाऊल पुऱ्या तीन मात्रांत टाकायचं: पहिलीला टाच, दुसरीला तळवा, तिसरीला गुडघा वर. श्वास ऐकू येईल एवढ्या मोठ्याने घ्यायचा. हातांचं नावही काढायचं नाही.

आणि दोघींना एकत्र उभं करायचं असेल, तर पंखे.

प्रत्येकीकडे दोन पंखे, रंगवलेले, कडेला पिसं. रिंगणातलं अंतर वाढलं तर पंख्यांनी बनलेल्या फुलाच्या पाकळ्यांत फट दिसते, कमी झालं तर पिसं एकमेकींत अडकतात. त्याहून अवघड लाट, म्हणजे एकामागून एक वर जाणारे पंखे. शेजारणीला बघून पंखा उचलला की प्रत्येक जण किंचित उशिरा उचलते, तो उशीर पुढे पुढे वाढतो आणि लाट लंगडते. म्हणून नजर समोर, कान जांगगूकडे. बाराजणी, बारा मात्रा. एक दक्षिणेची, एक उत्तरेच्या धाटणीची, अशा आलटून पालटून. प्रत्येकीची मात्रा ठरलेली. दॉंगवर पहिली, मग दुसरी, तिसरी. बाराव्या मात्रेला बारावीचे पंखे वर जातात, आणि लगेच पहिलीचा पुन्हा दॉंग.