गरम फरशी आणि जुना स्लॅब

मगाशी चहाच्या वेळी एकानं विचारलं, "कोल्हापुरात फरशी तापवायची कशाला? उन्हाळ्यात ती थंड व्हावी म्हणून आपण पाणी मारतो." खरंय. पण जानेवारीत पहाटे पाचला शहाबादीवर अनवाणी पाय टेकवणाऱ्या, गुडघे धरलेल्या माणसाला हे विचारून बघा. परदेशात राहून आलेली मुलं आईवडिलांच्या खोलीपुरती ही मागणी घेऊन येतात, आणि घर असतं पेठेतलं, चाळीस-पन्नास वर्षांचं.

कल्पना जुनीच आहे. काश्मिरात हमामाच्या खोलीत दगडी लाद्यांखाली लाकडं जाळतात. आता लाकडांऐवजी फरशीखालच्या प्लास्टिक नळ्यांतून गरम पाणी फिरतं, नाहीतर विजेची केबल असते. पाणी बंबासारखं कढत लागत नाही, ३५ ते ४५ अंश पुरतं. वावरायच्या जागी फरशीचा पृष्ठभाग २९ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही, असा युरोपीय मानकाचा दंडक आहे.

आता जुन्या स्लॅबचं बघू. नळ्यांवर साधारण ६५ मिलिमीटर कोबा घालायचा, तर चौरस मीटरला १४० किलो वजन वाढलं. राहत्या खोलीला आपण लाइव्ह लोड, म्हणजे माणसं-सामानाचं वजन, धरतो तोच मुळी २०० किलोच्या आसपास. म्हणून आधी जुनी शहाबादी आणि तिच्याखालचा मसाला उखडून काढा. बरंचसं वजन तिथंच वळतं होतं, आणि दारंही खालून तासावी लागत नाहीत. काही जण उंची वाचवायला स्लॅबमध्येच खाचा मारतात. स्लॅबच्या सळईवर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, असतं २० मिलिमीटर, नळी असते १६ची. तुळईजवळ सळई वरच्या अंगाला असते, कटर थेट तिच्यावर जातो. हे काम मी करत नाही, आणि करणाऱ्याच्या स्लॅबखाली बसतही नाही.

खाली उष्णतारोधक थर नसेल तर सगळा खटाटोप वाया. वरच्या मजल्यावर खालच्या भाडेकरूचं छत तापतं, तळमजल्यावर मुरूम. तळमजल्याला दाट एक्सपीएस शीट, म्हणजे कडक फोमची पाटी, घ्या, ती पाणी फारसं पीत नाही. ज्यांच्या घरात २०१९ला पंचगंगा शिरली होती, त्यांनी तळमजल्यावर केबलचा विचारही करू नये.

पण इथल्या हवेत खरी अडचण निघते ती वेळेची. बंबाचं पाणी सहाला हवं तर आजी पाचला उठून पेटवायची. कोबा त्याहून संथ. त्या १४० किलोंना आठ अंश चढवायला, चौरस मीटरला १०० वॉट दिले तर जवळजवळ तीन तास लागतात, तेही उष्णता कुठं गळाली नाही असं धरून. लेह-लडाखला चालतं, तिथं सिस्टीम रात्रंदिवस सुरूच असते. आपल्याकडं थंडी पहाटेची. कोबा तापेपर्यंत ऊन अंगणात आलेलं असतं, आणि मग दुपारभर खोली उगाच उबत बसते.

त्यामुळं कोल्हापुरात माझं मत सरळ आहे. अख्खं घर नको. एक खोली, फार तर न्हाणीघर, आणि त्यात टाइलखालची पातळ केबलची जाळी. ती तीन-चार मिलिमीटरची असते. तिच्याखाली दहा मिलिमीटरचा रोधक बोर्ड टाकला की अर्ध्या-पाऊण तासात पायाला फरक कळतो. चौरस मीटरला १५० वॉट धरले तर चार चौरस मीटरला ६०० वॉट, म्हणजे इस्त्रीपेक्षाही कमी. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. कपाटाखाली, जमिनीवरच्या गादीखाली जाळी न्यायची नाही, तिथं उष्णता कोंडते. वळवताना केबल जिच्यावर बसवलेली असते ती जाळी कापा, केबल कधीच नाही. केबलचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा रोध, तीनदा मोजा: खोक्यातून काढल्यावर, अंथरल्यावर, टाइल बसल्यावर. तिसऱ्यांदा आकडा बदलला तर गवंड्याची थापी कुठंतरी लागलेली आहे.

आणि टाइल बसण्याआधी, भिंतीपासूनची मापं दिसतील अशी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. वर्षभरानं सुतार दाराचा स्टॉपर बसवायला ड्रिल घेऊन येतो, तेव्हा तुम्ही तिथं नसता.