अंग आंबतं म्हणजे काय होतं?

श्रोतेहो, नमस्कार.

खूप दिवसांनी धावलात की दुसऱ्या सकाळी उठताना तोंडातून आपसूक निघतं, 'अंग आंबलंय!' क्रीडा आणि व्यायामविज्ञानाच्या पदवीला आलेल्या मुलांना मी पहिल्याच तासाला विचारतो, आंबतं म्हणजे नेमकं काय होतं रे? कुणीतरी हमखास सांगतं, 'सर, लॅक्टिक ॲसिड साठतं.' उत्तर जुनं आहे, रुबाबदार आहे आणि चुकीचं आहे.

हे आम्ल रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेले याला १७८० मध्ये सापडलं ते आंबलेल्या दुधात. पुढे ते स्नायूंतही मिळालं आणि दुखण्याचं सगळं खापर त्याच्यावर फुटलं. आमच्या प्रयोगशाळेत मुलं एकमेकांना धाप लागेपर्यंत सायकल चालवायला लावतात आणि थोड्या थोड्या वेळाने बोटाला टोचून रक्ताचा थेंब तपासतात. लॅक्टेट, म्हणजे याच आम्लाचं रक्तातलं रूप, भराभर चढतं, आणि थांबल्यावर साधारण तासाभरात उतरूनही जातं. दुखणं मात्र उद्या-परवा! चोर कधीच गावाबाहेर गेलाय आणि आपण त्याच्या नावाने बोटं मोडतोय. बिचारं लॅक्टेट तर हृदयाला इंधन म्हणून चालतं.

मग दुखतं कशाने? उतारावरून धावताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलत असतो. त्या ओढाताणीत तंतूंना सूक्ष्म इजा होते, मग तिथे दाह होतो, आणि त्याला एक-दोन दिवस लागतात. म्हणून चढण्याने दम लागतो, पण अंग आंबतं ते उतरण्याने.

आमच्या पदवीला तीन वर्षं खेळायला मिळेल म्हणून येणारे पुष्कळ असतात. त्यांना शरीरक्रियाशास्त्र भेटतं, जैवयांत्रिकी, मानसशास्त्र, आहारशास्त्र भेटतं. आणि संख्याशास्त्र भेटलं की चेहरे पडतात. पण माझ्या मते खरी पदवी तिथेच मिळते. '२२० वजा वय' हे नाडीच्या कमाल ठोक्यांचं सूत्र व्यायामशाळांच्या भिंतींवर असतं. विशीतल्या मुलाचे २०० यावेत. प्रत्यक्षात एकाचे १९० भरतात, दुसऱ्याचे २१०, आणि दोघेही ठणठणीत! सूत्र किती ठोक्यांनी चुकू शकतं, हे भिंतीवर कोण लिहिणार?

स्वतःवर प्रयोग करण्याची इथली रीत जुनी आहे. स्नायूंतल्या उष्णतेवरच्या कामासाठी १९२२चं नोबेल मिळालेले आर्चिबॉल्ड हिल पुढे स्वतःच धावून ऑक्सिजन मोजून घेत. आम्ही मुलांना उतरत्या ट्रेडमिलवर अर्धा तास चालवतो आणि पुढचे तीन दिवस दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायला सांगतो. तिसऱ्या दिवसाचा तास तळघरातल्या खोलीत असतो. कोण कठडा धरून उतरतंय, हे मी खाली उभा राहून मोजतो.