मृदंगाची कणीक

(लघु माहितीपटाचे निवेदन)

(दृश्य : देवळाचा सभामंडप, रात्र. परातीत कणीक मळणारे दोन हात.)

ही कणीक पोळीसाठी नाही. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील एका गावात, विठ्ठल-रखुमाईच्या देवळात, एकादशीच्या भजनाआधी ती मृदंगाच्या डाव्या पुडीवर, म्हणजे चामड्याने मढवलेल्या तोंडावर, थापली जाते. उजव्या पुडीवरचा काळा लेप, म्हणजे शाई, कायमचा असतो; डावीला मात्र दर भजनाला नवी कणीक लागते. पाणी जास्त झाले तर ती सरकते आणि कमी पडले तर भजन रंगात आले असतानाच सुकून तिचे पोपडे निघू लागतात. मळणारे बुवा सत्तरीच्या पुढचे आहेत. ते गोळा अंगठ्याने दाबतात, खळगा किती सावकाश भरून येतो ते पाहतात आणि मगच पुडीला हात लावतात. मधोमध कणीक गोल थापायची, कडा ओल्या बोटाने बसवायच्या, थाप मारून ऐकायचे, चिमूटभर काढून टाकायची, पुन्हा ऐकायचे. मग वादीखालचे लाकडी गट्टे हातोडीने ठोकत उजवी बाजू पेटीच्या सुराला मिळवायची. हल्ली नट-बोल्टचे मृदंग मिळतात आणि पान्याने ते चटकन सुरात येतात. बुवांनी तसला मृदंग वाजवून पाहिला आहे, पण घेतलेला नाही. त्या रात्री या सगळ्याला पाऊण तास लागला.

(येथे निवेदन नाही. थाप आणि हातोडी यांचे आवाज तसेच ठेवावेत.)

(दृश्य : गाभाऱ्याशेजारचे आरतीचे यंत्र.)

याच देवळात भिंतीलगत एक लोखंडी चौकट उभी आहे. तिच्यात एक नगारा, दोन घंटा आणि एक झांज बसवलेली आहे. कळ दाबली की मोटर फिरते आणि लहान दांडके ठरलेल्या अंतराने नगाऱ्यावर पडू लागते. रोजची सायंआरती आता याच यंत्रावर होते, कारण टाळ धरायला आणि घंटा ओढायला रोज पाच-सहा माणसे जमेनाशी झाली. देणाऱ्याचे नाव चौकटीच्या वरच्या पट्टीवर तांबड्या रंगात लिहिलेले आहे. यंत्र बिघडलेले नाही, ताल चुकत नाही, आणि पुजारी एका हाताने आरती ओवाळून दुसऱ्या हाताने ते बंद करू शकतो. गावात या यंत्राविषयी कोणाची तक्रार ऐकू आली नाही. आमची आहे, आणि प्रेक्षकांनी ती गृहीत धरून पुढे पाहावे.

चंगळवादाने देव मागे पडला, असे आपण व्यासपीठावरून वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. आकडे तसे म्हणत नाहीत. अमेरिकेतील प्यू संशोधन संस्थेने २०१९-२० मध्ये भारतातील सुमारे ३० हजार प्रौढांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतील ९७ टक्के लोकांनी देवावर विश्वास असल्याचे सांगितले आणि सुमारे ८० टक्क्यांनी त्याबद्दल पूर्ण खात्री असल्याचेही सांगितले. २०११ च्या जनगणनेत कोणताही धर्म न नोंदवणारे २८ लाखांवर होते खरे, पण १२१ कोटींत त्यांचे प्रमाण पाव टक्काही भरत नाही. या सीमाभागात फिरताना तर गावोगावी नवे शिखर, नवा रंग, सभामंडपाला ग्रॅनाइट असेच दिसते. देव आपल्या जागी आहे. आटला आहे तो त्याच्यासाठी काढलेला वेळ, आणि त्याची भरपाई पैशाने होत आहे.

(दृश्य : भंडाऱ्याने पिवळा झालेला रस्ता, रथ, गर्दी.)

ही दृश्ये शेजारच्या गावच्या लक्ष्मी यात्रेची आहेत. या पट्ट्यात ग्रामदेवता महालक्ष्मीची यात्रा बहुतेक ठिकाणी दरवर्षी भरत नाही. मधे बरीच वर्षे जातात, कुठे कुठे एखादी पिढीच जाते, आणि म्हणून ती ठरली की गावातील प्रत्येक घर त्या तारखेकडे तोंड करून उभे राहते. देवीचा विवाह होतो, रथ निघतो, भंडारा उधळत तिचा होन्नाट, म्हणजे देवीला नाचवण्याचा खेळ, खेळवला जातो. होन्नाट हा शब्द कानडी वळणाचा असला, तरी येथील मराठी माणूस तो आपलाच म्हणून बोलतो, आणि त्याला तसे बोलताना कोणी हटकतही नाही. देवी गदगेवर, म्हणजे यात्रेतल्या तिच्या बैठकीवर, बसली की ओटी भरायला बायकांची रांग लागते. शेवटच्या दिवशी देवी गावच्या सीमेकडे प्रस्थान ठेवते.

या झगमगाटाच्या आधीचा एक भाग चित्रात पकडणे अवघड होते, कारण त्यात काहीच घडत नाही. तो म्हणजे वार पाळणूक. पंचांनी ठरवलेल्या मंगळवारी आणि शुक्रवारी शिवारात औत जात नाही, शेतीची कामे बंद राहतात आणि सगळा गाव तो दिवस देवीच्या नावाने मोकळा सोडतो. या व्रताला एक रुपया लागत नाही. दिवसाची मजुरी आणि पेरणीची घाई मात्र सोडावी लागते, आणि तीही एकट्याने नव्हे तर सगळ्यांनी मिळून. आजही वार पाळला जातो. पडद्यावर दिसणारे हे रिकामे शिवार अशाच एका शुक्रवारचे आहे.

(दृश्य : त्याच शुक्रवारी सकाळी गावाबाहेरचा रस्ता. मोटारसायकली.)

आणि हा त्याच दिवशीचा रस्ता. बेळगावच्या औद्योगिक भागातील उद्यमबागच्या फाउंड्रीला आणि मच्छेच्या मशीनशॉपला देवीचा वार लागू नाही. पहिल्या पाळीला पोरे नेहमीप्रमाणे निघाली आहेत, डबे हँडलला अडकवलेले आहेत. ज्याच्या घरी आता बैल नाहीत आणि ज्याची नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने होते, त्याने औत न धरण्याचे व्रत कसे पाळावे, हा प्रश्न पंचांनाही पडलेला असणार. त्यामुळे वर्गणी वाढते. सुट्टी न मिळालेला मुलगा दुप्पट वर्गणी देतो, आणि त्यात त्याचा खोटेपणा काही नाही.

देवाला धन वाहणे ही आजची गोष्ट नव्हे. खानापूर तालुक्यातील हलशी म्हणजे कदंब राजांची जुनी पलाशिका. तेथे सापडलेल्या ताम्रपटांत सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूमिदानांची नोंद आहे. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती (जैन मंदिर) ही रट्ट राजाचा मंत्री बिचिराज याने १२०४ मध्ये बांधली. तो मान तेव्हा राजाचा आणि मंत्र्याचा होता. आता तो प्रत्येक घराला परवडतो, किंवा परवडतो असे दाखवावे लागते. देवळाच्या दारातली ही संगमरवरी फरशी पाहावी : नावे रकमेसह कोरलेली आहेत आणि मोठी रक्कम वर आहे. यात्रेसाठी घराला दुसरा मजला चढतो, कमानीवर फोटो झळकतात, डॉल्बी येतो, चारशे पाहुण्यांचे जेवण उठते. ऋण काढून सण ही म्हण आपल्याकडे जुनीच आहे. यात्रा उरकली की पतसंस्थेचे हप्ते सुरू होतात, आणि काही घरांत दोन-चार गुंठे विकले जातात.

पूर्वीचे सगळेच चांगले होते, असे येथे म्हणायचे नाही. याच जिल्ह्यात, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने मुली देवदासी म्हणून सोडल्या जात असत, आणि ती प्रथा रोखायला १९८२ चा कायदा करावा लागला.

(दृश्य : पुन्हा सभामंडप. भजन संपत आले आहे.)

त्या एकादशीला बुवांसह सात जण होते. पेटीवर एक निवृत्त शिक्षक, टाळकऱ्यांत दोन बाया आणि नववीतला एक मुलगा. हा मुलगा मृदंग शिकायला येतो, पण अजून त्याला कणीक मळू दिलेली नाही. पुढची चार मिनिटे आम्ही काही बोलणार नाही.

(अभंगाचा ध्वनी पूर्ण ठेवावा.)

भजन संपल्यावर कणीक बोथट सुरीने खरवडून काढतात. ती टाकून देत नाहीत. पानावर ठेवून सकाळी गायीला घालतात. पुडी ओल्या फडक्याने पुसून मृदंग खोळीत जातो. दारात चपला शोधता शोधता पुढच्या एकादशीला कोण येणार याची चौकशी चालली आहे. त्या दिवशी मुलाची घटक चाचणी आहे आणि शिक्षक पुण्याला लेकीकडे असणार आहेत. बुवांनी पिठाचा डबा काखेत घेतला आहे.