आर्द्राच्या ढगांमागचे तारे

श्रोतेहो, नमस्कार. जूनच्या २१-२२ तारखेला आर्द्रा नक्षत्र लागतं. खानापूर-जांबोटीकडे तेव्हा झड लागलेली असते, आभाळाकडं बघायला कुणाला सवड नसते. त्या दिवसांत सूर्य मिथुन राशीच्या पायाशी असतो आणि त्याच्या अगदी शेजारी, त्याच्या उजेडात बुडालेले, दोन तारकापुंज, म्हणजे ताऱ्यांचे थवे, असतात. हेच पुंज मार्गशीर्षात मध्यरात्री आपल्या डोक्यावर येतात. आज मी बोलणार आहे त्यांतल्या अंधुक पुंजाबद्दल.

आधी ठळक पुंज शोधायचा. पुनर्वसूचे दोन तारे म्हणजे मिथुनाची डोकी; तिथून मृगाच्या डोक्याकडं उतरत आलं की पाय लागतात. तिथं एम ३५ आहे; हा त्याचा तारकायादीतला क्रमांक. साध्या बायनोक्युलरमध्येही तो सापडतो. दुर्बिणीत तर नजर भरून तारे! बहुतेक जण इथंच थांबतात. माझं म्हणणं, थांबू नका. त्याच्या नैर्ऋत्येला, जेमतेम पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढ्या अंतरावर, आपला अंधुक पुंज, एनजीसी २१५८ (हाही यादीतलाच क्रमांक), आहे. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांना तो १७८४ मध्ये सापडला.

परड्यात आठ इंची दुर्बीण लावली की पहिल्यांदा तिथं काहीच दिसत नाही. घरातले दिवे बंद करा, मोबाईल खिशातच राहू द्या. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. मग थेट त्याच्याकडं न बघता नजर किंचित बाजूला ठेवा, कारण मंद उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यभागी नसतात, कडेला असतात. आता काळ्या पाटावर तांदळाची पिठी सांडावी तसा एक फिका डाग उमटतो. नेत्रिका, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, बदलून शंभर-सव्वाशे पट मोठं केलं की मागचं आकाश काळवंडतं आणि डाग दाणेदार वाटू लागतो. सुटे तारे मात्र हाती लागत नाहीत.

का लागत नाहीत, हे कळलं की मला तो डाग शेजारच्या झगमगाटापेक्षा जास्त ओढ लावतो. प्रकाश वर्षभरात जेवढं अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष. एम ३५ सुमारे २,८०० प्रकाशवर्षांवर आहे, हा त्याच्या चौपट-पाचपट दूर. तिथून हा प्रकाश निघाला तेव्हा आपल्या भागात शेतीसुद्धा नव्हती. एम ३५ चं वय पंधरा-वीस कोटी वर्षांच्या आसपास, तर याचं सुमारे दोनशे कोटी. खरं तर असे पुंज इतके टिकत नाहीत. आकाशगंगेच्या ओढाताणीत त्यांचे तारे हळूहळू पांगतात. हा दाट आहे आणि आकाशगंगेच्या केंद्रापासून लांब, बाहेरच्या अंगाला आहे, म्हणून टिकला.

बेळगाव शहरातून तो दिसणं अवघडच. खांबावरचे दिवे आड येतात. चोर्ला घाटाच्या बाजूला कुणी पाहुणे असतील तर पौषातल्या अमावास्येला दुर्बीण घेऊन त्यांच्याकडं मुक्कामाला जा. जानेवारीअखेरीस रात्री साडेनऊच्या सुमारास तो माथ्यावर असतो. मुलांनाही उठवून दाखवा, आधी एम ३५, मग हा.