बुडालेल्या डोंगरापलीकडचे मासे

श्रोतेहो, नमस्कार.

बोंबील आपल्या ओळखीचा. ताजा असला की हातातून निसटतो, इतका लिबलिबीत. त्याच्याच गणातला एक मासा अटलांटिकच्या काळोख्या तळाशी राहतो. पोटाकडच्या दोन परांचे आणि शेपटीचे काटे त्याला काठ्यांसारखे लांब असतात. त्या तीन काठ्या गाळात टेकून तो तिवईसारखा उभा राहतो आणि प्रवाहाकडे तोंड करून भक्ष्याची वाट पाहतो.

आयर्लंडच्या पश्चिमेला हा मासा सापडतो. पण ईशान्येला नॉर्वेच्या समुद्राचा तळ धुंडाळलात, तर तो तिथे नाही. उंदरासारख्या निमुळत्या शेपटीचे रॅटटेल मासे जगभरच्या खोल समुद्रात सर्रास आढळतात, पण त्या तळावर तेही नाहीत. महासागर तर सलग आहे. मग मासे अडले कुठे?

1868 साली ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स वायव्हिल थॉमसन आणि विल्यम कार्पेंटर 'लाइटनिंग' या जहाजावरून स्कॉटलंड आणि फॅरो बेटांच्या दरम्यान तापमापक खाली सोडत होते. एके ठिकाणी पाणी 8 अंशांच्या आसपास भरले, तर जवळच, साधारण तेवढ्याच खोलीवर, शून्याच्या आसपास! दोन पाण्यांमध्ये काहीतरी आडवे असल्याशिवाय हे घडणार नाही. 1880 आणि 1882 च्या मोहिमांनी तिथे बुडालेला डोंगर असल्याची खात्री केली. आज त्याला थॉमसन यांचेच नाव आहे.

ग्रीनलंडपासून आइसलंड, फॅरोवरून स्कॉटलंडपर्यंत पसरलेल्या लांबलचक रांगेचा हा एक तुकडा. या रांगेतली सर्वांत खोल खिंड सुमारे 850 मीटरची. पलीकडे तळ 3000 मीटरच्याही खाली जातो, आणि तिथले खारे पाणी शून्याखाली जाऊनही गोठत नाही. दोन हजार मीटरवर जगणाऱ्या माशाला ही खिंड ओलांडता येत नाही. आर्क्टिकच्या दुसऱ्या टोकाची, त्याला पॅसिफिकशी जोडणारी बेरिंगची सामुद्रधुनी तर जेमतेम 50 मीटर खोल.

तरी पलीकडे मासे आहेत. जाती थोड्या, पण काय एकेक! 1876 ते 1878 च्या नॉर्वेजियन मोहिमेत एक तांबडा, बिनखवल्यांचा, मऊ मासा मिळाला. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट कोलेट यांनी त्याचे नाव ठेवले रोडिक्थिस रेजिना. रेजिना म्हणजे राणी. हा स्नेलफिश कुळातला. त्याच्या जोडीला सापासारखे लांबट ईलपाउट.

हेच का टिकले? सोव्हिएत मत्स्यशास्त्रज्ञ अनातोली आंद्रियाशेव यांनी 1953 मध्ये दिलेला विचार मला आजही फार मोलाचा वाटतो. त्यांनी खोल समुद्रातल्या माशांचे दोन गट केले. रॅटटेलसारखे काही प्राचीन काळापासून खोलातलेच. दुसरे मुळात किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातले, नंतर खाली उतरलेले. स्नेलफिश आणि ईलपाउट या दुसऱ्या गटातले. त्यांचे कितीतरी भाईबंद उत्तर पॅसिफिकच्या उथळ पाण्यात आजही आहेत. बेरिंगची वाट सुमारे 50 लाख वर्षांपूर्वी खुली झाली. खोलातल्यांना ती बंदच होती, उथळातल्यांना मात्र पुरेशी होती. त्यांचे पूर्वज त्या वाटेने आले आणि पलीकडच्या थंडगार खोलात उतरले, असे मानले जाते.

आणि खाली उतरण्यात स्नेलफिश कुळाचा हात धरणारे कोणी नाही. 2022 साली जपानजवळच्या इझू-ओगासावारा गर्तेत कॅमेऱ्याने 8336 मीटरवर मासा टिपला. इतक्या खोलीवर याआधी मासा कोणी पाहिला नव्हता. तोही स्नेलफिशच. चित्रफितीत एक लहानसे पिल्लू तळालगत एकटेच पोहत जाताना दिसते.

नमस्कार.